जुना दर खोडू नका

महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ला विक्रीकराच्या जागी व्हॅट आला, १ जुलै २०१७ला जीएसटी. सोलापूरहून पुण्याला चादर विकली की कर केंद्र आणि राज्यात निम्मा-निम्मा; शंभरेक किलोमीटरवरच्या विजापूरला विकली की आयजीएसटी. एवढं मी सोलापुरातल्या एका व्यापाऱ्याच्या ऑनलाइन दुकानांत नीट बसवलं होतं. चुकलो तारखेत.

दोन हजारांच्या चादरीवर १२ टक्के, म्हणजे २४० रुपये कर होता. २२ सप्टेंबर २०२५पासून ५ टक्के, म्हणजे १००. मी १२ खोडून ५ लिहिले. आठवड्याने जुन्या बिलाची चादर परत आली आणि गिऱ्हाइकाला १४० रुपये कमी मिळाले. आता मी दर खोडत नाही, त्याच्यापुढे शेवटची तारीख लिहितो. जुनं बिल त्याच्या काळाच्या नियमानेच वाचावं लागतं.