नेवाडाचा बेदावा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं नेवाडांत शेंकडा ८० च्या सुमारास जमीन मध्यवर्ती सरकारची आहे. ती संस्थानाची कीं सरकारची, हा वाद तेथें फार दिवसांचा. तो ज्या कागदावर लढविला गेला, त्याचाच विचार येथें आम्हीं योजिला आहे.

नेवाडाची राज्यघटना १८६४ सालची. टपालानें धाडलेल्या तिच्या नकला वेळेवर वॉशिंग्टनला पोहोंचेनात, आणि लिंकनच्या निवडणुकीपूर्वीं तर संस्थान दाखल व्हावयाचें होतें. तेव्हां ता. २६ व २७ ऑक्टोबर रोजीं गव्हर्नर नाय यांनीं अथपासून इतिपर्यंत सारी घटना तारेनें पाठविली! शब्द १६,५४३, खर्च ४,३०३ डॉलर २७ सेंट. उतरून घेतलेली १७५ पानांची प्रत अमेरिकेच्या राष्ट्रीय दफ्तरखान्यांत आहे. ता. ३१ रोजीं संस्थान दाखल झालें.

घटनेच्या आरंभींच्या ठरावांत, पडीक सार्वजनिक जमिनींवरील हक्क आपण कायमचा सोडीत आहों, असें नेवाडाच्या लोकांनीं लिहून दिलें आहे. आमच्या वाचकांच्या परिचयाचा बेदावा तो हाच. अट अर्थात् काँग्रेसची होती.

१९७९ सालीं नेवाडाच्या विधिमंडळानें कायदा करून या जमिनींवर दावा सांगितला. मूळच्या तेरा संस्थानांवर अशी अट नव्हती, मग आम्हांवर कां, हा त्यांचा प्रश्न. तो अगदींच पोकळ म्हणतां येत नाहीं. अलाबामाच्या १८४५ च्या खटल्यांत वरिष्ठ न्यायालयानें हेंच समानतेचें तत्त्व मानलें. मात्र तें नौकागम्य पाण्याखालील जमिनीपुरतें. १९९६ सालीं मतदारांनीं, काँग्रेसची संमति मिळाल्यास अथवा ती अनावश्यक ठरल्यास, हें कलम गाळावें असा कौल दिला.

आमच्या मतें येथें कागदाची जात ओळखण्यांत चूक आहे. बेदाव्यानें वाद मिटतो, स्वामित्व जन्मत नाहीं. म्हणून तो खोडल्यानेंही जमीन परत येत नाहीं. सरकारचें स्वामित्व १८४८ च्या मेक्सिकोशीं झालेल्या तहापासूनचें, म्हणजे संस्थानाच्या जन्मापूर्वींचें. १९९७ सालीं अपील न्यायालयानेंही तेंच म्हटलें.

परंतु याच दफ्तरांत आणखी एक कागद आहे, आणि दोन्ही पक्ष त्याकडे सहसा वळत नाहींत. १८६३ सालीं रुबी व्हॅली येथें पश्चिम शोशोनी लोकांशीं तह झाला. त्यांत रस्ते, तारा, आगगाडी, खाणी यांस वाट दिली आहे. जमीन तोडून दिल्याचें वाक्य त्यांत कोठेंही नाहीं.