लेग्लचे दगड

आकाशातून दगड पडतात असे खेडूत सांगत आणि पॅरिसचे बहुतेक विद्वान हसत. २६ एप्रिल १८०३ रोजी दुपारी नॉर्मंडीतील लेग्लजवळ गडगडाट होऊन सुमारे ३००० दगड पडले. चौकशीला २९ वर्षांचा ज्याँ-बातिस्त बियो गेला. तो थेट लेग्लला गेला नाही. आवाज कोणी, कुठून ऐकला हे दूरच्या गावांपासून विचारत आला. मग वाड्यावस्त्या हिंडून, कोणता दगड कोठे पडला ते त्याने नकाशावर मांडले. लंबवर्तुळ उमटले, मोठे दगड एका टोकाला! परिसरातील जुन्या खनिजसंग्रहांत किंवा भट्ट्यांच्या मळीत मात्र असा एकही दगड नव्हता. मला हा नकाराचा पुरावाच अधिक मोलाचा वाटतो. जुलैमध्ये त्याने अहवाल वाचला आणि विद्वानांना खेडुतांचे म्हणणे मानावे लागले.