विषाणूचं दार

ताप आला की आपण सहज म्हणतो, "काही नाही, व्हायरल आहे." पण विषाणू शरीरात शिरतो म्हणजे नक्की कुठे शिरतो? हवेत, पाण्यात, ताटावर त्याची वाढ होत नाही. त्याला जिवंत पेशी लागते, आणि तीही कुठलीही चालत नाही. एड्सच्या विषाणूला कोणती पेशी चालते, हे नीट कळायला पंधरा वर्षं गेली. ही गोष्ट फक्त प्रयोगशाळेतल्या लोकांची आहे असं मला वाटत नाही, म्हणून इथे लिहितोय.

सुरुवात जून १९८१ मधली, लॉस एंजेलिसची. पाच तरुणांना एक विरळा न्यूमोनिया झाल्याची छोटीशी नोंद अमेरिकी सरकारच्या आरोग्य साप्ताहिकात आली. वर्षाअखेर डॉक्टरांनी सविस्तर लिहिलं, की अशा रुग्णांच्या रक्तातल्या एका विशिष्ट जातीच्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या आहेत. त्यांचं नाव 'मदतनीस टी पेशी'. रोगाशी लढणाऱ्या बाकीच्या पेशींना कामाला लावणाऱ्या या पेशी. मुकादमच गेला, मग काम कोण करणार?

१९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये फ्रान्स्वाज बारे-सिनुसी आणि ल्यूक माँतान्ये यांच्या गटाला विषाणू सापडला. तो नेमका याच पेशींना का धरतो, याचं उत्तर डिसेंबर १९८४ मध्ये पॅरिस आणि लंडनहून एकदमच आलं. लंडनच्या गटाने १५५ प्रतिपिंडं तपासली. त्यातली १४ पेशीवरच्या सीडी४ नावाच्या रेणूला झाकून टाकणारी होती, आणि त्या चौदाच्या चौदा प्रतिपिंडांनी विषाणूला अडवलं. म्हणजे सीडी४ हेच दाराचं कुलूप! ते ज्या पेशीवर आहे ती पेशी धोक्यात. म्हणूनच मॅक्रोफेज ही मोठी भक्षक पेशी आणि मेंदूतल्या तिच्या भावकीतल्या पेशीही त्याच्या तावडीत सापडतात.

प्रश्न सुटला असं वाटलं. पण १९८६ मध्ये एक गंमत झाली. मुळात सीडी४ नसलेल्या माणसाच्या पेशींवर तो बसवला, तर विषाणू आत गेला. उंदराच्या पेशींवर तोच बसवला, तर विषाणू येऊन चिकटला, पण आत काही शिरेना. दाराला दुसरं कुलूप होतं! ते शोधायला आणखी दहा वर्षं लागली. मे १९९६ मध्ये एडवर्ड बर्गर यांच्या गटाला एक सापडलं, सीएक्ससीआर४. पाठोपाठ जूनमध्ये पाच गटांनी सीसीआर५ दाखवलं. नव्याने लागण होते तेव्हा विषाणू बहुतेक वेळा हेच दुसरं वापरतो.

इथे एका माणसाची आठवण काढायलाच हवी. न्यूयॉर्कचा स्टीफन क्रोन. त्याचा जोडीदार १९८२ मध्ये गेला, मग एकामागून एक मित्र गेले. त्याला मात्र लागण झाली नाही. "मीच का राहिलो?" हा प्रश्न घेऊन तो स्वतःहून संशोधकांकडे गेला. त्याच्या टी पेशींवर प्रयोगशाळेत भरपूर विषाणू सोडला, तरी लागण होईना. १९९६ मध्ये कारण कळलं. आई आणि वडील दोघांकडूनही त्याला सीसीआर५ चं तुटकं जनुक मिळालं होतं, ३२ अक्षरं गळालेलं. त्याच्या पेशींना ते कुलूपच नव्हतं. २०१३ मध्ये तो गेला, पण त्याच्या प्रश्नाचा लाभ दुसऱ्यांना झाला. २००७ मध्ये सीसीआर५ अडवणारं औषध आलं. त्याच वर्षी बर्लिनमध्ये टिमथी ब्राउनला रक्ताच्या कर्करोगासाठी अशाच तुटक्या जनुकाच्या दात्याच्या मूळपेशी दिल्या गेल्या, आणि त्याचा एचआयव्ही परतलाच नाही. २०२० मध्ये तो गेला तो कर्करोग उलटल्याने.

हा मार्ग सगळ्यांसाठी नाही. ते जनुक युरोपीय वंशाच्या लोकांत सापडतं, आपल्याकडे फारच क्वचित. शिवाय १९९७ मध्ये कळलं, की काही टी पेशींत विषाणू गुपचूप झोपून राहतो. औषधं रोज घेतली तर तो दबून राहतो आणि माणूस पूर्ण आयुष्य जगू शकतो. बंद केली की पुन्हा उठतो.

आता मूळ मुद्दा. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. कातडी शाबूत असेल, तर तिथे विषाणूला ना कुलूप, ना दार. स्पर्शाने, एकत्र जेवल्याने एड्स पसरत नाही, हे अमेरिकी आरोग्य खात्याने १९८३ मध्येच सांगितलं होतं. तरी आपल्याकडे कपबशी वेगळी ठेवली गेली, अंथरूण पडवीत गेलं, तरण्या विधवांना माहेरी धाडलं गेलं.

विषाणू आपलं दार फार नेमकं निवडतो. आपण मात्र भीतीपोटी घराची सगळीच दारं लावून घेतली, तीही आपल्याच माणसांसाठी. पेशींचं कोडं बरंचसं सुटलं. हे दुसरं अजून सुटायचंय.