प्लास्टिकला पन्नास टक्के

मोटरसायकलच्या विमा पॉलिसीत घसाऱ्याचा एक तक्ता असतो. धातूच्या भागांना पहिले सहा महिने घसारा नाही, पुढे वर्षागणिक कपात वाढत जाते. काचेला शून्य. फायबरग्लासला तीस टक्के. आणि रबर, नायलॉन, प्लास्टिक यांना सरसकट पन्नास, मग गाडी कालच शोरूममधून बाहेर पडलेली का असेना. २००२च्या इंडिया मोटर टॅरिफमधला हा तक्ता. नव्या गाडीच्या कागदांवर सह्या करताना माझी नजर त्या पन्नासावर अडकली आणि शेजारी उभी असलेली गाडी अशी उघडीवाघडी का, याचा एकदम उलगडा झाला. स्पोर्टी नेकेड बाइक डिझायनरच्या टेबलावर जन्मली असं सगळे सांगतात. माझं म्हणणं, तिची सुईण विमा कंपनीचा सर्व्हेअर होता.

आधी कपडे कुठून आले ते उरकून घेऊ. वारा कापायला शर्यतीच्या गाड्यांना फेअरिंग चढली आणि ती इतकी अंगभर झाली की पुढचं चाक गिळणाऱ्या ‘डस्टबिन’ फेअरिंगवर १९५७च्या मोसमानंतर बंदी आली. रस्त्यावरच्या गाडीला पूर्ण फेअरिंग कारखान्यातूनच बसवून देण्याचा मान बीएमडब्ल्यूच्या १९७६च्या आर१००आरएसचा. मग १९८५ला सुझुकीची जीएसएक्स-आर७५० आली, म्हणजे शर्यतीच्याच गाडीला दिवा आणि नंबरप्लेट. झालं, तरुणाईला प्लास्टिकचं वेड लागलं.

आता असली गाडी सिग्नलपाशी, उभ्या उभ्या कलंडली असं समजा. इंजिन शाबूत, चेसिस शाबूत. पण एका अंगाची फेअरिंग चिरलेली, दिव्याचा ब्रॅकेट मोडलेला, आरसा गेलेला, क्लिप-ऑन हँडल वाकलेलं. रंगवलेल्या प्लास्टिकच्या त्या पॅनेलांची किंमत कंपन्यांनी अशी ठेवली होती की एस्टिमेट बघून सर्व्हेअर सरळ ‘टोटल लॉस’ लिहून मोकळा व्हायचा. आपल्याकडचं गणित बघा. अडीच लाखांच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्याच्या कागदावरची किंमत, तिसऱ्या वर्षी ३० टक्के उतरून पावणेदोन लाखांवर येते. दुरुस्तीचा खर्च तिच्या ७५ टक्क्यांवर, म्हणजे १,३१,२५० रुपयांपलीकडे गेला, की गाडी कागदोपत्री मेली. रस्त्यावर मात्र ती ठणठणीत असू शकते.

ऐंशीच्या दशकात ब्रिटनमध्ये अशा कागदोपत्री मेलेल्या गाड्यांचा एक बाजारच उभा राहिला. पोरं त्या स्वस्तात उचलायची आणि फुटकं प्लास्टिक ओरबाडून काढायची. मूळ दिवा फेअरिंगमध्येच बसवलेला, तो तिच्याबरोबर गेला; मग दोन गोल दिवे पत्र्याच्या पट्टीवर शेजारी शेजारी. खाली झुकवणारं क्लिप-ऑन हँडल हे काचेमागे दडून वारा चुकवायला असतं. काचच नाही तर दडायचं कशामागे? म्हणून वरच्या क्लॅम्पवर मोटोक्रॉसचं रुंद, उंच हँडल. शेपूट कापून आखूड. हा झाला ‘स्ट्रीटफायटर’. त्याच्यातली एकेक गोष्ट गरजेतून आलेली आहे. कंपन्यांच्या फॅशनला हे कळायला दहाएक वर्षं लागली. ट्रायम्फच्या स्पीड ट्रिपलला १९९७ साली बटबटीत डोळ्यांसारखे दोन गोल दिवे लागले, ते थेट त्या भंगारातल्या गाड्यांवरून. पडलेल्या गाडीचा चेहरा न पडलेल्या गाडीला कारखान्यातूनच बसवून विकणं, याला धाडस म्हणावं की विनोद, हे वाचकांनी ठरवावं.

यावर ड्युकाटीवाले उसळून उठतात. त्यांच्या मते सगळ्याचं मूळ मिगेल गालुत्सी या अर्जेंटिनात जन्मलेल्या डिझायनरची १९९२ साली कोलोनच्या प्रदर्शनात झळकलेली मॉन्स्टर. गाडी देखणी, वादच नाही. पण ती बनली कशी? चेसिसचं घराणं ८५१-८८८चं, इंजिन ९०० एसएसचं. घरात जे होतं त्यातून जुळवलेली, म्हणजे ब्रिटिश पोरांचीच रीत, फक्त गोदाम नव्या मालाचं. विम्याचा हात इथे दाखवता येत नाही, हे खरं. मॉन्स्टरने नेकेड बाइकला अब्रू मिळवून दिली; पण तिची वाट भंगारवाल्यांनी आधीच मळून ठेवलेली होती, यावरून मी हलणार नाही.

दुसरा दावा जपानचा, आणि तो वजनदार आहे. तिथे १९८२पर्यंत रस्त्यावरच्या गाडीला फेअरिंगची परवानगीच नव्हती. ती मिळताच सगळे प्लास्टिकवर तुटून पडले आणि त्याचा वीट आल्यावर १९८९ला कावासाकीच्या झेफरने पुन्हा साधेपणाची लाट आणली. ‘नेकेड’ हे नाव जपानी बाजारात रुळलं ते याच लाटेत. पण झेफरला मागे नीट बघा, दोन शॉकअब्सॉर्बर आहेत. ती १९७२च्या झेड-वनची आठवण काढणारी गाडी. आजच्या स्पोर्टी नेकेडचा मोनोशॉक, उचललेली शेपूट आणि पुढे झुकलेला आक्रमक चेहरा तिच्यात नाही. नाव जपानी बाजाराने रुजवलं असेल, रक्त दुसरीकडचं.

‘पूर्वी सगळ्याच गाड्या नेकेड होत्या’ हा तिसरा दावा. होत्याच. राजदूत, येझदी, आरएक्स १०० यांच्या अंगावर काय होतं? पण कधीच न घातलेले कपडे आणि काढून फेकलेले कपडे यांत फरक असतो.

विम्याने लोखंडाला आकार देणं हे काही एकदाच घडलेलं नाही. जर्मनीत विम्याचे हप्ते अश्वशक्तीच्या टप्प्यांवर ठरत. त्यातला एक टप्पा २७चा, म्हणून बीएमडब्ल्यूने आर४५ ही ४७३ सीसीची गाडी मुद्दाम २७ अश्वशक्तीला बांधून विकली. आपल्याकडे टप्पे सीसीवर आहेत. २०१८च्या सप्टेंबरपासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. २०२२च्या दरांनी त्याचा हप्ता १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये, ३५०च्या वर १५,११७. दुपटीहून जास्त. यावरून बुलेटची ३५०सुद्धा विम्याचंच अपत्य म्हणायचा मोह होतो. पण बुलेट ३५० या टप्प्यांच्या कितीतरी आधीपासून धावते आहे.

महाराष्ट्रात आल्यावर माझा सिद्धांत थोडा लंगडतो. चाकणला बनलेल्या केटीएम ड्यूकने २०१२ साली इथल्या पोरांना नेकेडची चटक लावली. त्याच वर्षीच्या पल्सर २०० एनएसने तर नावातच ‘नेकेड स्पोर्ट’ लिहून टाकलं. पण ड्यूकचा मूळ पुरुष, १९९४चा, मातीत पळणाऱ्या एलसी४ची पिल्लावळ. त्याचं रुंद हँडल अपघातातून आलेलं नाही, वारशातून आलेलं आहे. एवढं केटीएमला द्यायलाच हवं. तरी ब्रिटिश पोरांनी हँडल उचललं ते मोटोक्रॉसवरूनच, म्हणजे दोन्ही ओढे त्याच चिखलातले.

टेस्ट राइडला हे सगळं हाताला लागतं. शोरूममधला पोरगा लायसन्सचा फोटो काढतो, खरचटलं तर भरपाई तुमची अशा मजकुरावर सही घेतो आणि ‘सर, समोरच्या चौकातून वळून या’ म्हणतो. तेवढ्यावर भागवू नये. अरुंद गल्लीत यू-टर्न घ्यावा. रुंद हँडलची तरफ तिथेच कळते. मग मोकळ्या रस्त्यावर नव्वदच्या पुढे न्यावी. छातीवर वारा आदळायला लागला की समजावं, काढून टाकलेली काच इथे होती. रोज मुंबई-पुणे करणाऱ्याने हा वारा सोसेल का ते आधी बघावं, पिकअप नंतर.

आणि झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारा विमा, घ्यावा, नेकेड असली तरी. कारण ही गाडी आता पुरती नेकेड राहिलेलीच नाही. टाकीला दोन्हीकडून प्लास्टिकचे खांदे, पोटाखाली पॅन, दिवा म्हणजे बदलायचा तर अख्खा बदलावा लागणारा एलईडी युनिट. ड्युकाटीने २००९ला आपल्या गाडीचं नावच ‘स्ट्रीटफायटर’ ठेवलं आणि २०२०च्या व्ही४ला तर दोन्ही बाजूंना दुहेरी पंख लावले, वेगात पुढचं चाक जमिनीला धरून राहावं म्हणून. आपल्याच पॅनिगाले या सुपरबाइकची फेअरिंग उतरवायची आणि तिच्या जागी पंख डकवायचे! गाडी कलंडली की बाहेर आलेले तेच पंख आधी रस्त्याला लागायचे, आणि सर्व्हेअरच्या यादीत पहिली ओळ त्यांचीच.