काडतुसाची वाकडी मान

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, मिलफर्ड गावी, फ्रँकलिन मॅन नावाचा एक डॉक्टर राहत असे. शिक्षण वैद्यकीचं. पैसा मिळवला तो कोंबड्यांच्या खाद्यासाठी हाडं कापणाऱ्या यंत्रातून. आणि आयुष्याची कित्येक वर्षं घातली ती एका प्रश्नापायी: तीच रायफल, तीच दारू, तीच गोळी, तोच नेम, मग प्रत्येक गोळी वेगळ्या जागी का लागते?

नेमबाजाचा हात हलतो, हे उत्तर मॅनला पुरेसं वाटेना. त्याने माणसाला बाजूला सारलं आणि रायफलीची नळी एका अवजड, अचल बैठकीवर बसवली. गोळ्या तरीही पसरल्या. मग त्याने गोळ्याच मुद्दाम बिघडवायला घेतल्या. काहींचं टोक ठेचलं, काहींचं बूड तिरकं केलं, काहींना एका बाजूने भोक पाडलं. वाटेत ठरावीक अंतरावर कागदाचे पडदे लावून त्यांतल्या भोकांवरून प्रत्येक गोळीचा मार्ग काढला. टोक चेपलेली गोळी फारशी बिघडत नव्हती. बूड तिरकं झालेली मात्र हमखास भरकटत होती. हे सगळं त्याने १९०९ साली ‘द बुलेट्स फ्लाइट फ्रॉम पावडर टू टार्गेट’ या पुस्तकात मांडलं.

त्यामागचं गणित साधं आहे, पण आकडे थक्क करणारे. नळीतल्या पिळामुळे गोळी दर १० इंचांत एक फेरा घेत असेल आणि सेकंदाला २८०० फूट वेगाने सुटत असेल, तर ती मिनिटाला सुमारे दोन लाख फेरे घेते. आर मध्यावर नसलेला भोवरा जसा जागेवर राहत नाही, तशीच गुरुत्वमध्य अक्षावर नसलेली गोळी. नळीत आहे तोवर ती बांधलेली असते. नळी संपली की तो गुरुत्वमध्य बाजूला निसटतो. तो अक्षापासून अवघा एक थाउ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, सरकलेला असेल, तर १०० यार्डांवर गोळी सव्वादोन इंच बाजूला जाते.

मॅनच्या काळात या दुखण्यावर एक जुना इलाज हयात होता. हॅरी पोप हा त्या काळचा नावाजलेला नळीकार. त्याच्या रायफलीत गोळी काडतुसात बसवलेली नसेच. नळीच्या तोंडावर ‘फॉल्स मझल’ नावाचा जुळणारा तुकडा लावायचा, त्यातून गोळी सरळ आत उतरवायची आणि दारूने भरलेलं केस, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, मागच्या बाजूने घालायचं. अनेक नेमबाज अख्ख्या सामन्यात एकच केस पुनःपुन्हा भरून वापरत. १९०१ साली सी. डब्ल्यू. रोलंड यांनी पोपच्या नळीतून २०० यार्डांवर मारलेल्या दहा गोळ्या ०.७२५ इंचात बसल्या, आणि तो गट पुढे कित्येक दशकं मापदंड म्हणून सांगितला जात राहिला.

या पद्धतीत गोळीला केसच्या मानेवर, म्हणजे गोळी धरणाऱ्या तोंडाकडच्या भागावर, अवलंबून राहावं लागत नव्हतं. धूररहित दारू आली, तांब्याच्या आवरणाची गोळी आली, आणि गोळी-दारू-टोपी असं सगळं एकत्र बांधलेलं अरुंद मानेचं काडतूस सर्वत्र झालं. भरणं झटपट झालं. पण गोळी सरळ बसणार की वाकडी, हे आता पितळेच्या एका पातळ मानेवर ठरू लागलं. वाकडी बसलेली गोळी नळीतही तिरकीच शिरते आणि तिचा गुरुत्वमध्य अक्षावर राहत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शिल्लक राहिलेली लष्करी दारू स्वस्तात विकली जाऊ लागली आणि घरी काडतुसं भरणाऱ्यांची संख्या वाढली. त्याच सुमारास टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर रायफल ठेवून मारायचा बेंचरेस्ट खेळ संघटित झाला. हात टेकलेला, नळी जड, दुर्बीण चांगली. आता दोष काढायचा तो काडतुसाचाच.

तो पकडायचं साधन लेथवर काम करणाऱ्या कुणाही कारागिराच्या ओळखीचं आहे: दोन व्ही-ब्लॉक आणि एक डायल गेज. काडतूस ब्लॉकवर टेकवायचं, गेजची सुई गोळीच्या पुढच्या भागावर लावायची आणि बोटाने हळूच फिरवायचं. काटा हलला की, लेथवाल्यांच्या भाषेत, जॉब आउट फिरतोय. काटा चार थाउ फिरला, तर त्या जागी गोळी मध्यापासून दोन थाउ सरकलेली असते.

पण तयार काडतूस मोजून फक्त दोष आहे एवढंच कळतं; तो शिरला कुठून ते कळत नाही. अनेकांचे पैसे वाया गेले ते इथे. गोळी वाकडी दिसली की गोळी बसवायची नवी डाय (साचा) विकत घ्यायची, आणि दोष असायचा भलतीकडेच. जाणत्यांनी उलटी चाल धरली. नुकतंच उडवलेलं रिकामं केस रायफलीच्या चेंबरच्या आकारात फुगलेलं असतं, म्हणून ते बहुधा सरळ असतं. पहिलं माप त्याचं. मग ते डायमध्ये दाबून मूळ आकाराला आणायचं आणि पुन्हा मोजायचं. काटा इथेच उसळला, तर मान आतून रुंद करणारी डायमधली गोटी काढून दुसरं केस दाबून पाहायचं. ते सरळ आलं, म्हणजे गुन्हेगार सापडला: बाहेर येताना ही गोटी कोरड्या मानेला घट्ट धरते आणि एका बाजूला ओढून नेते. मानेला आतून वंगण लावणं हा त्यावरचा सर्वांत स्वस्त इलाज. काही जण गोटीच काढून टाकतात आणि मान हव्या तेवढीच दाबणारी बुशिंगची डाय वापरतात.

इथपर्यंत सगळं सरळ असेल, तरच गोळी बसवण्याच्या पायरीवर संशय घ्यायचा. गोळी ढकलणाऱ्या डायमधल्या दांड्याची खोबण गोळीच्या टोकाशी जुळत नसेल, तर गोळी तिरकीच ढकलली जाते. वॉशिंग्टन राज्यातल्या कॅश्मीर गावच्या एल. ई. विल्सन कंपनीच्या हातडायमध्ये गोळी मानेत शिरण्याआधीच केस पूर्णपणे धरलेलं असतं. बेंचरेस्टवाल्यांनी ती उगाच उचलून धरली नाही.

एक दोष मात्र कोणतीही डाय सुधारू शकत नाही: मानेच्या भिंतीची जाडी. पितळेचा पेला ओढत-ओढत केस घडवताना भिंत एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ राहते. ती तासून समान करावी लागते. १९७० च्या दशकात लुई पामिसानो आणि फेरिस पिंडेल यांनी .२२० रशियन या काडतुसावरून पीपीसी काडतूस घडवलं. पामिसानोही डॉक्टर, पिंडेल हत्यारं घडवणारा कारागीर. तासलेली मान जेमतेम मावेल असा नेमका चेंबर, ही बेंचरेस्टची रीतच झाली, आणि त्या खेळातले विक्रम पुढे बरीच वर्षं पीपीसीच्या नावावर लागत राहिले. शंभर यार्डांवर हरणाची शिकार करणाऱ्याला एवढ्या खटाटोपाची गरज नाही. थोडा वाकडेपणा त्याच्या लक्ष्यावर दिसणारही नाही.

भारतात काडतुसं बनवायला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, त्यामुळे हा इथला घरगुती छंद नाही. शिवाय कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला जगज्जेतेपद आणि स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवलं, त्या ५० मीटरच्या प्रकारांत .२२ रिमफायर काडतूस लागतं. त्याचं स्फोटक मिश्रण कडेच्या घडीत भरलेलं असतं, म्हणून ते पुन्हा भरता येत नाही. मान तासणं नाही, डाय बदलणं नाही. या खेळातल्या नेमबाजाच्या हाती एकच वाट उरते: आपली नळी शिकंज्यात पकडून कारखान्याचे वेगवेगळे लॉट मारून पाहायचे आणि जो लॉट सर्वांत लहान गट देईल, तो उचलायचा.