पोस्टमनने शिकविलेली नजर

पावसाळ्यात ज्यांना आपण कुत्र्याच्या छत्र्या म्हणून ओलांडून जातो, त्या रानटी भूछत्रांची तांबडी, पिवळी, जांभळी रूपे अगदी जवळून टिपण्याचा छंद आता पुष्कळांना लागला आहे. ल्युमिएर बंधूंच्या रंगीत छायाचित्रणाच्या काचा १९०७ साली विक्रीस आल्या. त्यापूर्वी हे काम मुख्यतः कुंचल्याचे होते. त्या काळची एक हकीकत नवशिक्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

चार्ल्स मॅकिंटॉश हे स्कॉटलंडमधील इन्व्हर गावचे. लाकूड कापण्याच्या गिरणीत अपघात होऊन त्यांच्या डाव्या हाताची बोटे गेली. पुढे ते खेड्यांतून टपाल वाटू लागले. टे नदीच्या खोऱ्यातील रोजच्या पायपिटीत त्यांनी नेचे, शेवाळी आणि भूछत्रे यांचा स्वतःच अभ्यास केला.

१८९२ साली त्यांची गाठ बिएट्रिक्स पॉटर यांच्याशी पडली. पुढे 'पीटर रॅबिट'मुळे जगप्रसिद्ध झालेल्या या बाई तेव्हा भूछत्रांची चित्रे काढीत. मॅकिंटॉश टपालाने ताजे नमुने धाडीत, बाई त्यांची चित्रे काढून त्यांना देत. चित्रे सुंदर होती, तरी या पोस्टमनने त्यांना सांगितले की, भूछत्राचा उभा छेदही काढावा. छत्रीखालची पाती दांड्याला कशी जडली आहेत आणि दांडा पोकळ आहे की भरीव, हे दाखवावे.

या सल्ल्यात सारे शास्त्र आले. वरचा रंग फसवा असतो. तांबड्या माशीमार भूछत्रावरील पांढरे ठिपके पावसाने धुऊन जातात. म्हणून कॅमेरा घेऊन जाणाऱ्याने जमिनीलगत आडवे व्हावे, छत्रीखाली लहानसा आरसा धरावा, पाती आणि दांड्याचा बुंधा वेगळे टिपावेत. मात्र केवळ चित्रावरून ओळख पटवून कोणी भूछत्र खाऊ नये.

बीजाणू कसे रुजतात यावरील पॉटरबाईंचा निबंध १ एप्रिल १८९७ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे मांडला गेला. परंतु बायकांना तेथे मज्जाव असल्यामुळे त्यांना हजर राहता आले नाही. तो निबंध छापलाही गेला नाही. एकाला पदवी नव्हती, दुसरीला दार बंद होते. तरीही १९६७ साली फिंडले यांच्या भूछत्रांवरील ग्रंथात बाईंची ५९ चित्रे घेतली गेली, कारण ती ओळख पटविण्यास उपयोगी होती.

तेव्हा फोटो काढाल त्यासोबत तारीख, जागा आणि जवळचे झाड यांची नोंद करा. आणि ते भूछत्र एखाद्या गुराख्याने वा मोळीवाल्या बाईने दाखविले असेल, तर त्यांची परवानगी घेऊन त्यांचेही नाव आपल्या नावाशेजारी लिहा.