पाया
बकऱ्याच्या किंवा मेंढीच्या पायांचा, मंद आचेवर शिजवलेला रस्सा. लाहोर, दिल्ली, हैदराबाद आणि मुंबईच्या भेंडीबाजारात तो मुख्यतः न्याहारीला नान वा कुलच्याबरोबर खातात. म्हणून पातेले रात्रीच चढते. खरी मेहनत साफसफाईची. पाय आचेवर धरून केस जाळतात, काळपट थर सुरीने खरवडतात, मग हळद-पीठ चोळून धुतात. इथे आळस केला तर उग्र वास कोणत्याही मसाल्याला दबत नाही. तळलेला कांदा, आले-लसूण, धने, खडा मसाला घालून ६ ते ८ तास शिजताना कातडी व स्नायुबंधांतील कोलॅजेनचे जिलेटिन होते. रस्सा बोटांना चिकटू लागला की पाया झाला. कुकरने वेळ वाचतो, पण रात्रभर मुरलेली चव येत नाही. वाढताना वरून लिंबू, कोथिंबीर आणि आल्याच्या काड्या.